नख की पोट

माणसांवर माझा विश्वास नाही, लहानपणापासून नाही. आई म्हणायची, "ही पेत्रोना बाप्तिस्म्याच्या पाण्यातसुद्धा आधी बोट बुडवून बघेल." बघेनच! त्यात काय चुकलं? आमच्या होकोटाल गावात न बघता हात घालणारे पुष्कळ होऊन गेले आणि त्यातले बरेचसे देवळामागच्या दफनभूमीत झोपलेत. तरीही माझी धाकटी बहीण कासिमिरा आयुष्यभर हेच करत आली. हात घालायचा. तोही बिळात.

ती इग्वाना धरते, घोरपडीएवढे सरडे. झाडावर ऊन खात बसणारे हिरवे नव्हेत, ते कुणीही दगड मारून पाडतं. कासिमिरा धरते ते काळे, काटेरी शेपटीचे, ओढ्याच्या दरडीत खोल बिळं करून राहणारे. ईस्टरच्या आधीच्या उपवासात आमच्याकडे गाय-डुकराचं मांस वर्ज्य आणि इग्वाना मात्र चालतो. का चालतो ते पाद्रीबाबांना विचारा, तेसुद्धा सूप मागून घेतात. त्यामुळे त्या दिवसांत कासिमिरेच्या दाराशी माणसांची रीघ लागते. बिळातला म्हातारा नर, त्याचं सूप, वरून आंबट मोसंब्याचा रस आणि मक्याच्या गरम टॉर्टिया. ज्याला बरं वाटत नाही त्यालाही ते प्यायल्यावर बरं वाटतं.

पण हे सूप कुणाच्या अंगावर शिजतं ते बहिणीला बघितल्याशिवाय कळणार नाही. उजव्या अंगठ्याला नख नाही, ते एका नराने उपटून नेलं. इग्वाना एकदा चावला की सोडत नाही, ओढाल तेवढा घट्ट धरतो, नाकपुडीत काडी घातली तर कुठे जबडा उघडतो. गालावर शेपटीच्या फटक्याचा वळ आहे, जन्माचा. दरड कोसळून एकदा कंबरेपर्यंत गाडली गेली होती. आणि नखांचे ओरखडे तर विचारूच नका, पिकतात, ताप येतो, आठवडा आठवडा हात सुजून बसतो. या सगळ्याला ती हसायची. "साप नव्हता ना? मग झालं तर."

कारण खरी भीती ती एकच. आमच्याकडे कास्तेयाना म्हणून एक साप आहे, आखूड, जाड, मातकट. त्याला स्वतःचं घर बांधायची अक्कल नाही, मग तो इग्वानाच्या बिळात शिरतो. बाहेरून बघून आत कोण आहे हे देवालाही कळायचं नाही.

म्हणून हे काम एकट्याचं नाही. दोघं लागतात, एक हात आणि एक कान. 'हात' बिळाच्या तोंडाशी पालथा पडतो आणि खांद्यापर्यंत आत जातो. 'कान' त्याच्या मागे आडवा होतो, जमिनीला कान लावतो आणि एका हाताने पुढच्याचा घोटा धरून ठेवतो. वरून काठीने माती ठोकली की आतलं जनावर हलतं. इग्वाना असला तर नखं खरवडतात. साप असला तर नुसतं पोट सरकतं, जमिनीवरून ओलं फडकं ओढावं तसं. मग कानाने एकच शब्द बोलायचा. "नख" म्हटलं की हात आणखी आत जातो. "पोट" म्हटलं की झटकन बाहेर, आणि वेळ नसेल तर कान घोट्याला धरून ओढतो. बाकी तिथे कुणी चकार शब्द काढत नाही. आणि एक जुना नियम आहे. ज्या दोघांचं घरात वाजलंय, त्यांनी त्या दिवशी बिळावर जायचं नाही.

कासिमिरेचा कान म्हणजे तिचा नवरा निकानोर. लग्नापासून तोच. पंचक्रोशीत असा कान नाही म्हणायचे लोक. कोंबडी अंडं घालायच्या आधी याला कळतं म्हणे! मला मात्र तो कधीच पटला नाही. का, ते विचारू नका. उत्तर द्यायच्या आधी हसणारा माणूस मला आवडत नाही, बस्स.

आणि गेल्या दोन वर्षांत तर त्याचं लक्षण पार बिघडलं. संध्याकाळी चार पुरुषांत सोंगट्या खेळायला बसायचा, ते बंद. मागून हाक मारली तर वळून बघायचा नाही. मी, त्याची मोठी मेहुणी, रस्त्यातून ओरडतेय "अरे निकानोर, थांब जरा," आणि हा आपला चालतोय तोऱ्यात. समोर उभं राहून बोललं तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा, जसा काही माझे दात विकत घेणार आहे. मग हसायचा आणि "हो हो" म्हणायचा. मी म्हटलं, मेला माजलाय. माजण्यासारखं याच्याकडे आहे तरी काय?

तेही मी शोधून काढलं. दर गुरुवारी दुपारी हा दामासाकडे जायचा. ही दामासा विधवा, गावाच्या टोकाला राहते, लोकांना काढेबिढे देते, अजून केस काळे आहेत. पुढच्या दाराने गेला असता तर मी काही म्हटलं नसतं. हा जायचा परसातून! आणि परत आला की मानेला, केसांना लसणीच्या तेलाचा वास. मी दोनदा मुद्दाम जवळून गेले आणि हुंगून खात्री करून घेतली.

त्यातच बिळावर तो चुकायला लागला. पहिल्यांदा "नख" म्हणाला आणि आतून अजगराने कासिमिरेच्या मनगटाला विळखा घातला. बिनविषारी होता, आळीभर हसणं झालं. पण या उपवासाच्या सुरुवातीला पुन्हा तेच झालं. हा "नख" म्हणाला, कासिमिरेने हात आत घातला आणि कोण जाणे काय वाटून थोडा मागे घेतला. कास्तेयानाचे दात तिच्या बाहीत अडकले. बाही फाडून ती सुटली. ती फाटकी बाही तिने मला दाखवली.

"कासिमिरा, पाणी कुठेतरी मुरतंय," मी म्हटलं.

ती चुलीवर टॉर्टिया उलटत होती. "कान चुकतो कधीकधी, ताई."

"इतकी वर्षं चुकला नाही. दामासाचा नवरा मेला आणि याचा कान चुकायला लागला?"

"तुझ्या जिभेला काही हाड!"

"नाहीच आहे. म्हणून तर बोलते. तू मेलीस तर घर कुणाचं? आणि घरात येऊन बसेल कोण? डोकं लाव जरा."

"ताई, तू ऊठ इथून. ऊठ म्हणते ना!" तिने मला उलथनं दाखवलं. मी उठले. पण बी पेरलं गेलं होतं. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, बहीण माझी होती.

पुढच्याच आठवड्यात ती माझ्या दारात येऊन रडली. निकानोर अंगणात पाठमोरा बसून मक्याची कणसं सोलत होता. हिने मागून विचारलं, "गुरुवारी कुठे जातोस?" हा गप्प. तिने आणखी मोठ्याने विचारलं, "दामासाकडे काय आहे तुझं?" तरी गप्प. कणसं सोलतोय आपली. मान नाही, डोळा नाही.

"नाही म्हणायचीसुद्धा गरज वाटली नाही गं त्याला," ती म्हणाली. "खोटं तरी बोलायचं."

"ऐक माझं," मी म्हटलं. "या खेपेला तू हो कान. त्याला घालू दे हात. स्वतःचा हात आत असला की माणूस बरोबर शुद्धीवर येतो. तो तयार होतो का नाही, यावरूनच सगळं कळेल."

गुड फ्रायडेच्या आधीच्या सोमवारी तिने खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. निकानोर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"मग आज नको जाऊया," तो म्हणाला.

"का नको? लोकांना शब्द दिलाय. तू हात घाल, मी ऐकते."

"तुला ऐकायची सवय नाही."

"तुला तरी कुठे राहिलीय?" कासिमिरा म्हणाली. त्याने मान खाली घातली. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. पोतं धरायला कुणीतरी हवं म्हणून मीही निघाले. नाही कसं म्हणतील?

वाट दामासाच्या कुंपणावरून जाते. ती बाहेरच उभी होती. निकानोरला बघितलं आणि हिने काय करावं? स्वतःच्या कानातल्या डुलाला हात लावला, भुवया उडवून काहीतरी विचारलं, आणि त्याने हळूच नकाराची मान हलवली. दिवसाढवळ्या, बायकोच्या देखत! मला वाटलं, अगं बाई, म्हणजे डूलसुद्धा यानेच दिलेत की काय? मी कासिमिरेकडे बघितलं. तिनेही पाहिलं होतं. त्यानंतर ओढ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घरात वाजलेल्यांनी बिळावर जाऊ नये हा नियम मला आठवला होता. मी तो बोलून दाखवला नाही, कारण वाजलं कुठे होतं? वाजायला दोघांनी बोलावं लागतं.

बीळ तिचं आधीच हेरून ठेवलेलं होतं. निकानोरने सदरा काढला, क्रूसाची खूण केली आणि पालथा पडला. इतक्या वर्षांत हे त्याने कधी केलं नव्हतं, कोपर कसं वळवायचं तेही त्याला उमजत नव्हतं. कासिमिरा मागे आडवी झाली, कान मातीला लावला, त्याचा घोटा धरला. मी वरून काठी ठोकली.

त्याचा हात कोपरापर्यंत गेला. मी पुन्हा ठोकलं. आणि कासिमिरेचा चेहरा बदलला. तोंड राखेसारखं झालं. मला दरडीवरून काय ऐकू येणार, पण तिला काय ऐकू आलं ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी वाट बघितली. ती बोलेना. ओठ असे मिटलेले की आत काही धरून ठेवलंय.

"नख ना गं?" निकानोरने विचारलं. हात तिथेच होता.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. माझ्या हातातली काठी खाली पडली. मी आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, पण माझ्या पाठच्या बहिणीवर कधी घेतला नव्हता. त्या क्षणी घेतला. आणि ओरडायला मलाही तोंड होतं की! ते उघडलं नाही.

मग ती किंचाळली. "पोट!"

निकानोर हलला नाही. हात बिळातच.

"पोट, निकानोर! पोट! पोट!" दरडीतले पोपट उडाले, ओढ्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि हा माणूस गाल मातीला टेकून शांत पडून. तेव्हा आम्हा दोघींना एकदमच कळलं. मागून मारलेल्या हाका, अंगणातली कणसं, तोंडाकडे लावलेली नजर. त्याला ऐकूच येत नव्हतं. कासिमिरेने दोन्ही हातांनी घोटा धरला आणि असा हिसडा दिला की त्याची हनुवटी खडकावरून सोलून निघाली. हात बाहेर आला. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला साप लटकलेला.

पुढचं मी डोळे मिटून घेतले म्हणून नीट सांगता येणार नाही. तिने कमरेचा कोयता काढला. साप आधी तुटला. मग तिने त्याचा हात दगडावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, याचं डोकं तिकडे फिरव." मी फिरवलं. कोयत्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

कलिंगडाच्या ट्रकमधून त्याला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. हात कोहळ्याएवढा सुजला होता. तिथल्या नर्स मुलीने विषावरची सुई टोचली आणि म्हणाली, बोटं तोडण्यापेक्षा लवकर आणायचं होतं, पण आणलंत हे बरं केलंत. तो वाचला.

दामासा दुसऱ्या ट्रकने आली. मी तिला दारातच अडवलं. माझा तोंडाचा पट्टा सुरू होणार तेवढ्यात तीच रडायला लागली.

"मी सांगायला हवं होतं, पेत्रोनाबाई. त्याने मला पवित्र कुमारी मातेची शपथ घातली होती. दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेले कान. दर गुरुवारी लसणीचं तेल सोडत होते, रुईच्या पानांचा शेक देत होते. काही उपयोग नाही. कुंपणाशीसुद्धा मी खुणेने विचारलं, कान काही उघडला का, तर नाही म्हणाला."

"कानाला हात लावून विचारलंस?"

"मग आणखी कशाला लावणार?"

मी तिला बसायला बाक दिला.

गावात तोपर्यंत कासिमिरा मोठी झाली होती. जो तो येऊन तिचं कौतुक करायचा. आणि सगळ्यात जास्त सांगायचा तो निकानोरच. पडवीत बसून, हाताला पट्टी, येईल त्याला तेच. "हिने हाक मारली हो, जिवाच्या आकांताने मारली. मीच बहिरा, मला ऐकू आली नाही. चूक माझी. हिचा कोयता नसता तर आज तुम्ही माझ्या मरणानंतरच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आला असता." लोक म्हणायचे, बाई असावी तर अशी. कासिमिरा दर वेळी काही ना काही निमित्त काढून आत जायची. जेवण तुटलं. गालावरचा वळसुद्धा आत गेल्यासारखा दिसायला लागला. काय खुपतंय ते मला ठाऊक होतं, पण मी तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्या मते सांगायची काही गरज नव्हती. त्याला ऐकू आलं नव्हतं, मी सांगणार नव्हते, मग कळणार कुणाला?

ईस्टर होऊन गेला. एका दुपारी आम्ही तिघंच पडवीत होतो. निकानोर डाव्या हाताने बिनसवयीचं जेवत होता, भात-घेवडा निम्मा मांडीवर. कासिमिरा त्याच्या समोर जाऊन बसली. हनुवटीला धरून त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"माझ्या तोंडाकडे बघ," ती म्हणाली. "मी लगेच हाक मारली नाही."

"कासिमिरा!" मी म्हटलं.

"ताई, तू गप्प बस." आणि त्याला, एकेक शब्द सुटा करून, "मला पोट ऐकू आलं होतं. मी बोलले नाही. तू विचारलंस, तरी बोलले नाही. मला वाटलं तू दामासासाठी मला मारतोयस. म्हणून."

निकानोरने तोंडातला घास संपवला. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुला पोट ऐकू आलं तेव्हा तुझी बोटं माझ्या घोट्यात रुतली. ऐकू येत नाही, पण पाय आहे ना. मग पुढे काहीच नाही. म्हणून मी विचारलं, नख ना. तरी तुझा हात तसाच."

"अरे मग हात बाहेर का नाही काढलास, मेल्या!" मी ओरडले. त्याला कुठलं ऐकू येतंय. कासिमिरेने तेच त्याला विचारलं. आवाज नव्हता तिच्या तोंडाला, नुसते ओठ हलले. त्याला तेवढं पुरलं.

"दोन वर्षं काही न ऐकता मी नख म्हणत आलो," तो म्हणाला. "तुझा हात आत घातला. कान गेला म्हणून सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाला तरी पायाशी बसवलं असतंस. दुसऱ्या पुरुषाने तुझा घोटा धरायचा... ते नाही बघवलं असतं मला. म्हणून बोललो नाही. तुझ्या जिवावर खेळलो. त्या दिवशी म्हटलं, आता हिची पाळी. पाय तिच्या हातात आहे. ओढते का बघू."

"आणि ओढलं नसतं तर?"

त्याने विचार केला. खरंच केला, उगाच दाखवायला नाही. "तर नसतं ओढलं," तो म्हणाला.

कासिमिरेने त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. थाळी उलटली, भात अंगणात गेला, कोंबड्या धावल्या. मग ती त्याच्या पायाशी बसली, कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकवलं आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. नुसता धरून बसली. ऊन उतरलं आणि मी घरी जायला उठले, तोवर तिने तो सोडला नव्हता.